बंद काचेमागचं ऊन
पेटीतला स्वेटर काढला की डांबरगोळ्यांच्या वासासोबत हिंदी मुलखातल्या खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरमधला बाबांचा शेवटचा हिवाळा आठवतो. उन्हाळाभर ते उघड्या अंगानं अंगणात बसायचे आणि तेव्हाच्या तपासणीत व्हिटॅमिन डी ठीक निघालं, म्हणून औषध मीच बंद केलं. थंडीत त्यांना स्वेटर, मफलर, मोजे चढवून खिडकीपाशी उन्हात बसवायचो आणि काच घट्ट लावायचो. "काहून लावून राहिला रे? उघडी ठेव ना थोडी," ते रोज म्हणायचे. "हवा लागते बाबा, बसा चुपचाप," मी दटावायचो. पौषात एका सकाळी खुर्चीतून उठताना ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात व्हिटॅमिन डी फारच कमी दाखवणारा नवा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धूप में बिठाते थे?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, रोज दोन तास, खिडकी लावून. त्या म्हणाल्या, "काँच के पीछे वो धूप नहीं लगती, भैया, जो हड्डी को चाहिए." होळीच्या आधी बाबा गेले. आता मीही म्हातारा झालो; परवा सुनेनं माझी खुर्ची उन्हात ठेवली, मायेनं मफलर गुंडाळला आणि खिडकी लावली. "उघड ती!" मी इतक्या जोरात ओरडलो, की ती रडायलाच लागली.