थंड पाय

आमच्या भूल देणाऱ्या मॅडमना हसताना मी कधी पाहिलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मी अँब्युलन्स चालवतो, त्यामुळे रोज गाठ पडते. पेशंट आला की त्या आधी त्याच्या पायांना हात लावतात, मग नख दाबून लाली परत यायला किती वेळ लागतो ते बघतात. अंगात रक्त पोचतंय की नाही ते तिथेच आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं. मॉनिटर नंतर. तोंडाचा पट्टा चालूच असतो, आणि राग चढला की त्या अहिराणीवर येतात.

परवा दुपारी सातपुड्यातल्या एका पाड्यावरून बाळंतीण आली. खूप रक्त गेलेलं. मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "प्रेशर चांगलं आहे. नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात हलवा."

मी स्ट्रेचर गाडीत चढवत होतो, तेवढ्यात मॅडम आडव्या आल्या.

"मशीनकडे काय देखी ऱ्हायनात? हिना पायले हात लावा! गुडघालोंग बर्फ शे. लघवीनी पिशवी कोरडी शे. वाटमा मरी जाई ती!"

डॉक्टर चिडले. मॅडम दुप्पट चिडल्या. स्ट्रेचर परत आत गेलं. ऑक्सिजन लागला, दोन्ही हातांना सलाईन लागलं, मग रक्त चढलं. संध्याकाळपर्यंत पाय कोमट झाले, पिशवीत लघवी दिसू लागली.

बाईचा नवरा हात जोडून समोर उभा राहिला, तशा मॅडम त्याच्यावरच भडकल्या.

"हात काय जोडस? भांड आमनासंगे! तुन्ही बायकोले आम्ही मराले धाडी ऱ्हायंतूत!"

तो घाबरून आणखीच वाकला. मॅडमनी त्याचे जोडलेले हात धरले आणि ओढून वेगळे केले.