हलगीवरचा जमाखर्च

आमच्या गावात ग्रामपंचायतीचा जमाखर्च हलगीवर ऐकू यायचा. हिशेबाचा कागद फळ्यावर चिकटवला की नियम पुरा होत होता, पण ग्रामसेवक भाऊसाहेबांचं तेवढ्यानं भागत नसे. "वाचता येतं किती जणांना?" म्हणत ते दर महिन्याला कोतवालाला गल्लोगल्ली दवंडी द्यायला लावत आणि स्वतः वही घेऊन मागून चालत. कोतवालानं एखादा रुपया गाळला, तर हलगी पुन्हा वाजे. मी शाळेत नवा मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. पहिल्यांदा मला त्यांचं हसूच आलं होतं.

माणूस केडगावचा, अंगानं काटकुळा, बोलायला फटकळ. सभेतला चहासुद्धा ते स्वतःच्या पैशानं पीत. 'किरकोळ' या शब्दावर त्यांचा भारी राग. "गावाच्या पैशात किरकोळ काही नसतं, गुरुजी. नाव, काम, रक्कम. एवढं सांगायला कुणाचं तोंड दुखतं?" दुष्काळाच्या त्या वर्षी सरपंचांनी गावविहीर खोल करायला काढली, तेव्हा सुरुंगाच्या दारूपासून दोरापर्यंतचा खर्च दवंडीत आला. सरपंच चरफडले, गाव मात्र खूश होतं.

त्याच महिन्यात वहीत 'किरकोळ, अठरा रुपये' अशी एक ओळ निघाली. सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, येवढं एक ऱ्हाऊ द्या." भाऊसाहेबांना तिथंच संशय आला. त्यांनी पावती मागवली आणि ती ओळ दवंडीत फोडून घातली: महादूच्या बापाच्या सरणाची लाकडं. महादू दुष्काळी कामावर खडी फोडायचा. मजुरी अडकलेली असतानाच म्हातारा गेला आणि सरपंचांनी ते गुपचूप निभावून नेलं होतं.

महादूच्या दारासमोर कोतवाल अडखळला. "सांगा पुढं," भाऊसाहेब मागून म्हणाले. त्यानं सांगितलं. महादू बाहेर आला, मागोमाग त्याच्या दोन मुली, दोघी माझ्याच वर्गातल्या. तो आवाज न चढवता म्हणाला, "गावानं माझ्या बापाला लाकडं दिली, ते मला ठावं हुतं, भाऊसाहेब. पोरींना न्हवतं."

आठवड्याभरात घराला कुलूप लावून ते सगळे कारखान्याकडं ऊसतोडीला निघून गेले.

पुढच्या महिन्यात हलगी वाजली नाही. असली नावं वगळा आणि बाकीचं सांगा, असं मी भाऊसाहेबांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "काय झाकायचं ते मी ठरवायचं, तर सरपंचांनी ठरवलं त्यात त्यांचं काय चुकलं?" फळ्यावरचा कागद तेवढा लागत राहिला, पुढं तोही बंद पडला. विहिरीचं काम आणखी सहा महिने चाललं. त्यावर किती पैसा गेला ते कुणाला कळलं नाही, कुणी विचारलंही नाही. मला भाऊसाहेबांचा राग येई आणि राग आल्याची लाजही वाटे.

त्यांची बदली झाली, तेव्हा फाट्यावर सोडायला मी एकटाच होतो. एस.टी. आली. पायरीवर चढल्यावर ते वळून म्हणाले, "गुरुजी, त्या मुली शाळेत परत आल्या तर मला एक पत्र टाका."

मी हो म्हणालो. पुढं बावीस वर्षं मी त्याच शाळेत शिकवलं. त्यांना पत्र लिहायची वेळ आली नाही.