पेपरात मी मिसिंग होते

आमच्याकडच्या पेपरांना तेव्हा 'मिसिंग' या शब्दाची भारी हौस. म्हातारा घर सोडून गेला की तो 'बेपत्ता', बैल सुटला की तो 'हरवला', पण कॉलेजची पोरगी वेळेवर घरी आली नाही की ती 'मिसिंग'. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरातला शब्द वार्ताहर जसाच्या तसा उचलायचे, आणि वाचणारे एकच समजायचे: कोणाबरोबर तरी पळाली. अशी पोरगी परत आल्याची बातमी मी तरी कधी वाचली नाही.

मी आमच्या खेड्यातून चिखलीला डी.एड.साठी जायचे. एकदा परतताना एस.टी. बंद पडली, दुसरी आलीच नाही, म्हणून वाटेतल्या गावात मैत्रिणीकडे थांबले. त्या गावातला फोनही बंद होता. सकाळी घरी पोचले तर माय उंबऱ्यावर बसलेली. मला पाहून तिनं तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. बाबा तेवढ्यात ठाण्यात तक्रार देऊन परतले.

ते रागावलेही नाहीत. आल्या पावली परत गेले, पोरगी आल्याचं ठाण्यात सांगितलं आणि तिथूनच वार्ताहराचं घर गाठलं. हा गृहस्थ ठाण्यात रोज सकाळी चक्कर मारायचा, मिळेल ते उतरवून घ्यायचा आणि बातम्यांचं पाकीट पेपरच्या ऑफिससाठी बुलढाण्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या हाती द्यायचा.

"पाकीट तं गेलं," तो बाबांना म्हणाला. "आली म्हणून पुढं छापू ना."

"फोन करा ना साहेब."

"करून राह्यलो. लागतच नाही."

हे बाबांनी घरी येऊन सांगितलं. मी काहीच केलं नव्हतं, तरी दिवसभर चोरासारखी आतल्या खोलीत बसून राहिले. बातमी छापायला त्यांना जागा पुरू नये, एवढंच मनात घोकत होते.

जागा पुरली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर सदऱ्याच्या आत लपवून आणला, जसं काही गावात तेवढा एकच पेपर येत होता. 'कॉलेज तरुणी मिसिंग.' खाली माझं पूर्ण नाव, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात निळा पंजाबी ड्रेस. तो ड्रेस अंगणात दोरीवर वाळत होता. बाहेर शेजारीण मायला विचारत होती, "लागला का वं काही पत्ता पोरीचा?" मी दाराआड उभी होते, पण पुढं व्हायची हिंमत झाली नाही.

"लय झालं शिक्षण," बाबा म्हणाले. "आता घरीच बस."

त्यांच्यापुढं माय कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"घरी बसवली तं पेपरातलं खरं होईन. लोकं म्हनतीन, पळालीच होती, आनून कोंडली."

बाबांनी मान खाली घातली. मग उठून माझ्या गाडीभाड्याचे पैसे मायच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी मायनं मला तोच निळा ड्रेस घालायला लावला आणि भर चौकातून स्टॅंडवर नेलं. हॉटेलातली बोलणी थांबली. सगळे बघत होते. मी मायच्या तोंडाकडे पाहिलं, थोडा धीर मिळेल म्हणून. तिचे ओठ पांढरे पडले होते. माय माझ्याहून जास्त भ्यायली होती. गाडी आली तशी तिनं मला आत ढकललं, आणि गाडी हलेपर्यंत त्या सगळ्यांच्या नजरेसमोर एकटी उभी राहिली.