हातवाली मोटार

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक प्रकरणांची आता मनात सरमिसळ झाली आहे. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हेही कधी कधी चटकन सांगता येत नाही. हातवाल्या मोटारीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पालघरला फौजदार होतो. केळव्याचा किनारा आमच्या हद्दीत होता. सकाळची हजेरी संपवून मी स्टेशन डायरी पाहत असताना आमचा एक खबरी आला. त्याने सांगितलं की, एक लंगडा माणूस दर सुट्टीच्या दिवशी केळव्याच्या वाड्यांतून फिरतो, घरांकडे बघत नाही, मागच्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये डोकावतो. त्या सुमारास मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्यांचे आरसे आणि स्टेपन्या चोरीला जात होत्या. साहजिकच आम्हाला वाटलं, मासा आपणहून जाळ्यात येतोय.

पुढच्या सुट्टीला साध्या वेशातल्या दोघांनी त्याला एका सुपारीच्या वाडीतून उचलला. तिशीचा माणूस, डावा पाय वाकडा, अंगावर धुतलेला स्वच्छ शर्ट. बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होता आणि सालवडला खोली घेऊन राहत होता. खोलीची झडती घेतली. एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक अंथरूण, आणखी काही नाही.

चौकशीला बसवला तर तो गप्प. नवखा चोर खूप बोलतो आणि मुरलेला चोर बेताचं बोलतो, असा माझा अनुभव. हा कशातच बसेना. मी आवाज चढवला.

"गॅरेजात काय बघत होतास?"

"मोटार."

"कुणाची?"

"तेच माहीत नाही, साहेब. म्हणून तर बघत फिरतो."

मला तो वेडा वाटला. चहा मागवून त्याच्यासमोर ठेवला. बऱ्याच वेळा दमदाटीपेक्षा चहाने काम होतं. मग तो हळूहळू बोलायला लागला. नाशिककडच्या एका अनाथाश्रमात तो वाढला होता. आश्रम सोडताना तिथल्या व्यवस्थापकांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "तुला पालघरकडच्या एका बागायतदाराने आणून सोडलं. नाव सांगितलं नव्हतं." म्हणून त्याने मुद्दाम बोईसरला नोकरी धरली. आई कोण, गाव कुठलं, काही आठवत नव्हतं. आठवत होती ती एक मोटार. बाटलीसारखी गर्द हिरवी, पुढच्या चाकाजवळ बाजूला बसवलेलं जादा चाक, दाराखाली पाय ठेवायला लांब फळी. आणि दाराशेजारच्या खांबातून वळताना बाहेर येणारा एक छोटा हात, टोकाला तांबडा दिवा असलेला.

"तो हात बाहेर आला आणि मोटार माझ्या अंगावर वळली," तो म्हणाला. "त्यापुढचं काही आठवत नाही. ती मोटार सापडली तर आई सापडेल, साहेब. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही."

दारात आमचे हवालदार उभे होते. केळव्याचेच. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"साहेब, ही तं हातवाली मोटार! आमी पोरं तिच्या मागं धावायचो. वळणावर हात भायेर आला की आमी पन हात करायचो. अख्ख्या किनाऱ्यावर अशी एकच होती."

"आता कुठे आहे?"

"मालक वारले. मोटार वाडीत मागं पडून हाय."

एकच मोटार. हवालदारांच्या बालपणातली ती मौज होती आणि समोर बसलेल्याच्या बालपणातलं तेवढंच काय ते शिल्लक होतं. मी चोरीचा संशय बाजूला ठेवला. खरं तर माझ्यापुढे कागदावर काहीच नव्हतं, ना फिर्याद, ना गुन्हा. तरी जीप काढायला सांगितली. त्या क्षणापासून मी त्याला 'तुम्ही' म्हणायला लागलो, हे मागाहून लक्षात आलं.

वाडीच्या मागच्या बाजूला माडाच्या झापांची शेड होती. आत पोती, नारळाच्या शेंड्या आणि त्याखाली ती मोटार. टायर कधीच गेले होते, रंग पोपडे धरून सुटला होता. हवालदारांनी खांबाच्या फटीत नख घालून तो छोटा हात बाहेर ओढला. फिटर झटकन मोटारीच्या वाटेतून बाजूला झाला. ओळख पटली का, असं विचारायची गरज उरली नाही.

घरात मालकांच्या पत्नी होत्या. सत्तरीच्या पुढच्या, कपाळ मोकळं, हातात जपमाळ. बाईमाणसाला चौकीत बोलवायचं नाही हा नियम, आणि त्या वयात तर नाहीच. ओसरीवरच बसलो. सुनेने सरबत आणलं. मी मोटारीची चौकशी केली तर आजी खुलून बोलायला लागल्या.

"चैत्रात देवीची पालखी निघाली की ओटीचं ताट घेऊन मी याच मोटारीतून जायचे. मोटार चालती होती तोवर एका वर्षी खाडा नाही."

"आजी, हिच्याखाली कधी कोणी सापडलं होतं?"

"छे, छे."

"एखादं मूल हिच्यातून दवाखान्यात नेलं होतं?"

जपमाळ थांबली. मग त्यांनी सांगितलं. वाडीत जव्हारकडची एक बाई कामाला होती. बाप वारला म्हणून ती गावी गेली आणि पोराला इतर कामकऱ्यांपाशी ठेवून गेली. पोर तापाने फणफणलं. मालकांनी मोटारीत घालून दवाखान्याकडे नेलं, पण वाटेत मोटारीतच त्याने प्राण सोडला. तिकडेच माती दिली. ऐन पालखीच्या तोंडावर अघटित घडलं.

वाक्यं अगदी घोटीव होती. अनेक वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेली.

मीही किनाऱ्यावरच्याच घरातला. मी सहज विचारलं, "म्हणजे मूल ज्या मोटारीत गेलं, त्याच मोटारीत बसून तुम्ही त्या वर्षी देवीची ओटी भरायला गेलात?"

आजी ताडकन म्हणाल्या, "विटाळाच्या मोटारीतून मी देवीला जाईन? काहीतरीच काय बोलता!"

"मग मूल मोटारीत गेलं नव्हतं."

सून सरबताचे पेले उचलत होती, ती तशीच थांबली. आजींनी मान खाली घातली. लोक कशाला लाजतात ते सांगता येत नाही. इतकी वर्षं एका आईशी खोटं बोलणं त्यांना पेललं होतं, देवीशी खोटं वागल्याचा आळ मात्र पेलला नाही.

मग सगळं बाहेर आलं. ताप नव्हताच. फाटकातून वळताना पोर मोटारीखाली आलं, पाय चिरडला. पालघरच्या दवाखान्यात नेलं तर पोलीस विचारतील, केस होईल, घराची अब्रू जाईल, म्हणून मालकांनी त्याला लांब नाशिकला नेलं. पाय बरा झाल्यावर बेवारस म्हणून आश्रमात सोडलं. "पैसे पाठवत होते हो ते आश्रमाला, नाव न घालता," आजी रडत म्हणाल्या. "वाईट नव्हते."

फिटर पायरीवर बसून सगळं ऐकत होता. त्याने एकच विचारलं, "आईचं गाव कुठलं?"

कामकऱ्यांच्या जुन्या मुकादमाने पाडा दाखवला. जव्हारच्या वाटेवर, डोंगराच्या उतारावर नाचणीची छोटी शेतं, कुडाची घरं. जीप पाहून पुरुष मंडळी रानात सटकली. त्याची आई, आता म्हातारी झालेली, एकटी अंगणात बसून राहिली. मी जमेल तसं सांगितलं. ती उठली, फिटरपाशी गेली, त्याचा वाकडा पाय दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. मग त्याच्या पायाशीच बसली आणि माझ्याकडे वळली.

"मला ठावं होतं, साहेब. मी बापाचं करून परत आले, तं मालकीण ताट घेऊन त्याच मोटारीत बसून देवीला निघालेली. मेलेल्या पोराच्या मोटारीतून कोन देवीला जातंय? पाड्यावरची सगळी म्हनली, पोराचे दिस कर. मी नाय केले. माती दावा, मंग करते, म्हनले."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"चौकीत गेलते. खाकीवाला म्हनला, एवढ्या मोठ्या घरावर आळ घेतेस, चल नीघ."

ओसरीवर मला जो प्रश्न सुचला म्हणून मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली होती, तो ही बाई पोर गेलं त्याच आठवड्यात चौकीत जाऊन विचारून आली होती. मालक पोलिसांना घाबरले म्हणून पोर गेलं, आणि आई पोलिसांकडे आली तेव्हा तिला हाकललं. दोन्हीकडे आम्हीच होतो. मी तिला खरं ते सांगितलं: मालक वारले आहेत, मेलेल्यावर खटला चालत नाही, आता कायद्याने फारसं काही व्हायचं नाही.

"नको होऊ दे," ती म्हणाली. "तवा लिवून घेतलं नाय. आता लिव."

त्यानंतरच्या नोकरीत माझ्या ठाण्यात आलेल्या माणसाला लिहून घेतल्याशिवाय कोणी परत पाठवलं नाही. पाठवलं तर ठाणे अंमलदाराची खैर नसे. सहकारी मला कागदी साहेब म्हणून चिडवायचे, खुशाल चिडवू देत. तपास लागणं न लागणं आपल्या हातात असतंच असं नाही. ऐकून घेणं असतं.

त्या दिवशी मी जीपमधून पॅड आणलं आणि अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर मांडी घातली. तिचं नाव, गाव लिहिलं. फिटर तिच्या शेजारी पाय लांब करून बसला होता, तिचा हात त्या पायावर होता. काय सांगायचंय ते सांगा, असं मी म्हटलं. चौकीतल्या त्या खाकीवाल्याला ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात तिने पहिलं वाक्य सांगितलं.

"माजा पोरगा मेला नाय."

मी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.