फोमध्ये भाकरी कुस्करावी का

रविवार, दोन फेब्रुवारी. सकाळी सात ते दुपारी दोन. हजर: मी, यजमान, सासरे (मी त्यांना मामा म्हणते, बाकी सगळे आबा) आणि आदल्या दिवशी पुण्याहून आलेली मुलगी. स्वयंपाक मुलीचा. भाकऱ्या माझ्या, कारण घरात रस्सा होणार आणि भाकरी नसणार हे यजमानांच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

फ्रिजच्या दारावर त्या दिवशी दोन याद्या होत्या. एक नेहमीची: गॅसचा नंबर लावणे, इस्त्रीचे कपडे, वगैरे. शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षं हजेरीपत्रकं सांभाळल्यावर घरीही हात गप्प बसत नाही. दुसरी यादी मामांच्या जेवणाची होती, आणि ती वाचून मला बसवत नव्हतं. मंगळवार, दूध-भात, चार घास. बुधवार, नको म्हणाले. गुरुवार, चहा दोन वेळा, खीर अर्धी वाटी. शुक्रवार, नको म्हणाले. शनिवार, नको म्हणाले.

मामांचं हर्नियाचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. अशक्तपणा आहे, वजन वाढल्याशिवाय हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बुधवारी परत वजन करायचं होतं. खोकला आला की मामा डाव्या हाताने पोटाचा खालचा भाग धरायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. कुणी बघितलं की हात काढून घ्यायचे.

डिसेंबरात त्यांचे उरलेसुरले दात काढून कवळी बसवली होती. ती माझ्या भाच्याने केली. त्याचा दवाखाना नवीन, आणि वरची-खालची अशी पूर्ण कवळी त्याने स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली. बसवायला तो घरी आला, आरसा दाखवला, फोटो काढला. "टोचलं तर सांगा आबा, घासून देतो," असंही म्हणाला. मामा म्हणाले, "झकास हाय." मग आम्ही ठरवलं की दिवसभर घालून ठेवली तरच सवय होईल. यादीत मीच लिहिलं होतं: कवळी, सकाळी सहाला घालणे, रात्री झोपताना काढणे. रोज खूण करत होते.

मुलगी कंपनीच्या कामाने सहा महिने व्हिएतनाममध्ये राहून आलेली. तिकडे लोक सकाळी सकाळी रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून फो पितात, म्हणजे भाताच्या शेवयांचा गरम रस्सा, हे तिने फोनवर इतक्या वेळा सांगितलं होतं की मला त्या स्टुलांचा रंगसुद्धा पाठ झाला होता. आबांना हे नक्की जाईल, असं तिचं म्हणणं. मला आशा नव्हती, पण दुसरा उपायही नव्हता.

सातपासून तिने कोंबडीची हाडं उकळत ठेवली. कांदा आणि आलं जाळीवर काळं होईपर्यंत भाजलं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे कोरडेच परतले. मी म्हटलं, हे तर आपल्या काळ्या मसाल्याचं सामान. ती म्हणाली, "हो, पण वाटायचं नाही, गाळून टाकायचं." चांगला मसाला गाळून टाकायचा, हे मला दुपारपर्यंत पटलं नाही. मग ती कुंडीतली तुळस तोडायला गेली. तिकडे तुळशीसारखीच कसली तरी पानं वरून घालतात म्हणे.

मामा गॅलरीत बसले होते. "तुळशीला हात लावू नको. कोंबडीत तुळस घालतेस व्हय?"

"आबा, चार पानं."

"एक बी न्हाय."

कोथिंबीर घातली.

साडेबाराला चार मोठे वाडगे मांडले. मूग मोडाचे, लिंबू, हिरवी मिरची वेगळ्या ताटलीत. मी घड्याळ बघत होते, कारण मामांच्या गोळीला अर्धा तास उरला होता आणि ती रिकाम्या पोटी चालत नाही.

यजमानांनी बसल्याबसल्या शेंगाचटणीची बरणी ओढली. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. ओरडून बोलायची सवय यंत्रमागांच्या आवाजामुळे लागली, असं ते सांगतात. मुलीने बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पप्पा, आधी नुसता रस्सा प्यायचा. चव कळू दे. मग लिंबू. मग मिरची."

"चव कळली. पाणी आहे. आता चटणी दे."

"पाच तास उकळलंय मी ते."

"पाच तास उकळलं तरी पाणी ते पाणीच की." त्यांनी कडक भाकरी घेतली आणि वाडग्यावर धरून मोडली. कडकड आवाज झाला. मुलीने डोळे मिटले.

"हे म्हणजे असं झालं," ती म्हणाली, "की कुणी तिकडून आलं आणि आपल्या शेंगाभाजीत शेवया घातल्या."

"घालू दे की. मी काय अडवलंय?"

मी मध्ये पडले नाही. माझा चमचा वाडग्यात होता आणि नजर मामांच्या वाडग्यावर. त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला, रश्श्यात बुडवला, तोंडात ठेवला आणि नुसता धरून ठेवला. चावलं नाही. थोड्या वेळाने घोट घेऊन गिळला. मग चमच्याने शेवया उचलायला गेले, त्या घसरून परत पडल्या. दुसऱ्यांदा तेच. चमचा खाली ठेवला.

म्हटलं झालं. रविवार, नको म्हणाले.

मुलगी म्हणाली, "आबा, चमच्याने नाही जमणार. वाडगा तोंडाशी घ्यायचा आणि ओढायचं. भुरके मारत."

"आवाज होईल," यजमान म्हणाले.

"व्हायलाच पाहिजे. तिकडे कुणी बिनआवाजाचं खाल्लं तर वाटतं, याला आवडलेलं दिसत नाही."

मामा पहिल्यांदा हसले. "मग आमच्याच गावची माणसं हायत की ती. लहानपणी आमी आमटी अशीच प्यायचो. मंगळवेढ्याच्या बाजारात शिकलेल्या लोकांसमोर बसलं की लाज वाटायची, म्हणून सोडलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, जरा तिकडं बघ."

मी तिकडे बघितलं नाही. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडापुढे धरला, मान खाली घातली, आणि टॉवेल खाली आला तेव्हा गाल आत गेलेले होते. कवळी त्यांनी टॉवेलात गुंडाळून मांडीखाली सरकवली. मग दोन्ही हातांनी वाडगा उचलला.

जो आवाज झाला तो मी अजून विसरले नाही. लांब, ओला, मध्ये श्वास घेऊन परत सुरू होणारा. शेवया वर जात राहिल्या. मुलगी स्वतःचं खायचं विसरून त्यांच्याकडे बघत होती. यजमान सवयीने म्हणाले, "आबा, कवळी काढू नका, सवय मोडेल," आणि मुलीने टेबलाखालून त्यांना लाथ मारली. मामांनी वाडगा खाली ठेवला, रिकामा. पुढे केला. "अजून हाय का?"

दुसऱ्या वाडग्यात त्यांनी भाकरीही कुस्करली, बारीक, आणि ती फुगेपर्यंत थांबले. वर शेंगाचटणी. मुलीने या वेळी बरणी अडवली नाही. चव बदलली की नाही, असं यजमानांनी विचारल्यावर म्हणाली, "तिकडे लोक पावासारखं काहीतरी तळलेलं बुडवून खातातच. चालेल." म्हणजे वाद तिने सोडला असं नाही. चटणीबद्दल ती संध्याकाळपर्यंत बोलत होती.

भांडी उचलताना टॉवेल मी उचलला. खालची कवळी हातात घेतली. आतल्या बाजूला कड बोटाला लागत होती. मामांना म्हटलं, तोंड उघडा. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग उघडलं. खालच्या हिरडीवर उजवीकडे लाल जखम होती, नखाएवढी, मधोमध पांढरी. एक-दोन दिवसांची ती नव्हती.

"मामा, सांगितलं का नाही?"

"पोरानं फोटो काढला की गं. त्याच्या वडलांना दाखवला आसंल. पहिलंच काम त्याचं. म्हाताऱ्याच्या तोंडात बसंना म्हणून आपण त्याचं मन मोडायचं का?"

"आणि उपाशी राहायचं?"

"उपाशी कुटं. चहा पीत हुतो की."

मी स्वयंपाकघरात जाऊन यादी काढली. सहा आठवडे रोज सकाळी 'कवळी घातली' असं लिहून खूण केलेली. त्याच कागदावर खाली 'नको म्हणाले'. दोन्ही माझ्याच अक्षरात, एकमेकांखाली, आणि का नको म्हणाले हे विचारायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

मुलगी संध्याकाळच्या गाडीने गेली. जाताना शेवयांची तीन पाकिटं ठेवून गेली आणि रश्श्याची कृती लिहून दिली. शेवटच्या ओळीत 'चटणी नाही' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सोमवारी मी तो रस्सा केला, मसाला गाळून टाकला, जिवावर आलं तरी. मामा दीड वाडगा प्यायले, चटणी घालून. मंगळवारी सकाळी एक. कवळी पाण्याच्या डब्यात आहे आणि बुधवारी वजन करायला जाताना ती घालायची की नाही, यावर यजमानांचं आणि मामांचं एकमत नाही.

जखम अशी सोडून चालणार नाही, हे मला कळतं. भाच्याने कवळी घासून द्यायची, दहा मिनिटांचं काम आहे, हेही कळतं. सोमवारी दोनदा फोन हातात घेतला. एकदा त्याचा फोन लागत नव्हता. दुसऱ्यांदा लागला, त्याने "बोल आत्या" म्हटलं, मागे कुणी पेशंट बोलत होता, आणि मी त्याला त्याच्या आईची तब्येत विचारून फोन ठेवला.

मंगळवारची यादी: दूध, मामांची बुधवारची फाइल, गॅसचा नंबर, भाच्याला फोन. पहिल्या तिन्हींवर खूण झाली आहे.