साडूचा सापळा

माझे साडू मल्हारराव यांचा नाशकात मेनरोडलगतच्या एका बोळात फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्न, बारसं आणि प्रसंगी मयत, असा धंदा. माणसाचा धड फोटो त्यांना कधी जमला नाही. नवरदेवाचं कपाळ कापलं जायचं, नवरीचे डोळे मिटलेले असायचे. असल्या माणसानं एकोणऐंशी साली कुठल्याशा मासिकात जंगली जनावरांचे फोटो पाहिले आणि ठरवलं, की आपला जन्म बिबट्यासाठीच झालाय. निदान बिबट्या पैसे परत मागायला येणार नव्हता.

आधी कार्डावर 'वन्यजीव अभ्यासक' छापून घेतलं, मग अभ्यास सुरू. कॅमेरा झाडाला बांधायचा आणि वाटेवर जमिनीलगत दोरा ताणायचा. जनावराचा पाय दोऱ्याला लागला, की फ्लॅश उडून फोटो निघणार. याला ते सापळा म्हणत, आणि म्हणताना छाती फुगवत. सापळा लावायला जागा कुठली, तर सासुरवाडी. फुकटचं जेवण आणि फुकटचं जंगल दुसरीकडे कुठं मिळणार?

आमच्या सासूबाई, कुसाबाई, पेठ रस्त्यावरच्या एका वाडीत एकट्या राहत. नवरा वारलेला, दोन्ही मुली आम्हा दोन जावयांच्या घरी. घरी होत्या त्या चार शेळ्या. ओढ्याच्या अंगानं बिबट्या यायचा, त्याला त्या वाघरू म्हणत. त्याच्यावर त्यांचा इलाज एकच, बॅटरी. गोठ्यापाशी चाहूल लागली, की झोत थेट त्याच्या डोळ्यांवर मारायचा. वाघरू पळायचं.

"उजेडाला लय भितं ते," त्या सांगायच्या, दारातल्या कुत्र्याबद्दल बोलावं तसं.

पुढच्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. या महिन्यात सासूनं जावयाला वाण द्यायचं आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढा एकच धर्म मल्हाररावांना पाठ होता. मला धोतरजोडी मिळाली. ते पाटावर बसल्या बसल्याच म्हणाले, "आम्हाला कापड नको, मामी. सापळ्यापुढं बांधायला एक शेळी द्या."

शेळी दिली गेली. फोटोत आली ती बिबट्याची शेपटी. फ्लॅशला बुजून तो पळाला, मग परत येऊन शेळी खाऊन गेला. साहेबांनी दुसरी मागितली.

मी सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "मामी, सरळ नाही म्हणा की."

"लेक नांदती हाय ना तिकडं माझी," त्या म्हणाल्या आणि दावं सोडायला गेल्या.

बिबट्या किती वाजता फिरतो हे कळावं, म्हणून या अभ्यासकानं शेळीशेजारी गजराचं घड्याळ ठेवलं होतं. किल्ली द्यायला मात्र विसरला. सगळ्या फोटोंत चार वाजून दहा मिनिटं. त्यावर त्यांनी वाचनालयात भाषण ठोकलं, की बिबट्या अत्यंत वक्तशीर प्राणी आहे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठणार होतो, पण बायकोनं माझा गुडघा दाबून धरला.

तिसऱ्या शेळीला बिबट्याचा चेहरा मिळाला. आता बिबट्या फ्लॅशला बुजत नव्हता. उजेड पडला की मान वर करून बघायचा, कारण उजेडापाशी शेळी असायची. मल्हाररावांनी तो फोटो मोठा करून, काच बसवून स्टुडिओच्या दर्शनी भागात टांगला. येईल त्याला सांगायचे, "घाबरत नाही आता. ओळखतो तो मला." मला त्यांची किळस यायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी, दिवेलागणीला, सासूबाईंना गोठ्यात धडपड ऐकू आली. उरलेली एकुलती शेळी आत होती. त्या धावल्या, बॅटरीचा झोत मारला. वाघरू हललं नाही. उलट झोताकडे बघत पुढं आलं. त्यांनी शेळीचं दावं हातातून सोडलं नाही. शेळी गेलीच, आणि सासूबाईंचा उजवा हात कोपरापासून खाली फाटला.

त्यांना नाशकात दवाखान्यात आणलं. हात वाचला, पण बोटं पुन्हा कधी मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मल्हारराव आले ते काखेत तो काचेचा फोटो घेऊन. कशी आहे, काय आहे, काही नाही. फोटो सासूबाईंच्या तोंडापुढं धरला.

"मामी, नीट बघा. हाच होता का?"

जावई समोर, म्हणून सासूबाईंनी डाव्या हातानं कसाबसा पदर डोक्यावर ओढला. फोटो बघितला.

"ह्योच. त्याला बोल लावू नका, जावईबापू. म्या बॅटरी लावली, त्याला वाटलं तुमीच आले."

माझी बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मल्हाररावांचा चेहरा मात्र खुलला. ते माझ्याकडे वळले.

"बघा," ते म्हणाले, "म्हणालो नव्हतो? ओळखतो तो मला."