नापतोलकाका आणि दुरंगी च्युइंगम

नापतोलकाका कुठेही बसायच्या आधी खुर्ची हलवून बघत. माझ्या दवाखान्यातली असो, लग्नाच्या मांडवातली असो, चारी पाय नीट टेकलेत अशी खात्री झाली की मगच बसत, आणि तेही अर्धेच. सगळा जन्म त्यांनी नापतोल खात्यात इन्स्पेक्टर म्हणून काढला. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात टोपी बाजारापासून महाराज बाड्यापर्यंतचे तराजू, वजनं आणि लिटरची मापं त्यांच्या हाताखालून गेली होती. खात्याने त्यांना निवृत्त केलं, पण तपासणी काही त्यांनी सोडली नाही. त्यांचं आडनाव जयेंद्रगंजातल्या निम्म्या मराठी घरांत सापडेल, म्हणून ओळखीसाठी सगळे त्यांना नापतोलकाकाच म्हणत.

दूधवाल्यावर त्यांचा संशय, चक्कीवाल्यावर संशय, भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा संशय. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तोंड उघडण्याआधी त्यांनी भिंतीवरची माझी पदवी चष्मा कपाळावर चढवून सहीशिक्क्यासकट वाचून काढली. "भरोसा सगळ्यांवर आहे बेटा, पण बघून घ्यायला काय जातं?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यातला पहिला अर्धा भाग साफ खोटा होता. मराठीत बोलता बोलता ते हिंदीत शिरले की समजावं, आता काकांच्या आतला इन्स्पेक्टर जागा झाला.

मी दातांची डॉक्टर. साठी ओलांडलेला कोणीही आला की मी त्याची चावण्याची तपासणी करते. नुसतं विचारून उपयोग नसतो. "चावता येतं का?" म्हटलं की म्हातारी माणसं ठणकावून सांगतात, "सगळं खातो." तोंडात तीनच दात उरलेले असतात, तरी सगळं खातो. म्हणून मी त्यांना लाल आणि निळं च्युइंगम एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी देते. वीस वेळा चावायची आणि बाहेर काढून द्यायची. चावणं चांगलं असेल तर दोन्ही रंग मिसळून गोळी एकसारखी जांभळी होते. नसेल तर लाल आणि निळे पट्टे वेगळे राहतात आणि खोटं उघडं पडतं.

काकांना ही तपासणी भलतीच आवडली, म्हणजे त्यांच्या पद्धतीने. "पहले तुम," म्हणून आधी मला चावायला लावलं आणि वीस आकडे स्वतः मोठ्याने मोजले. मग स्वतः चावलं. गोळी छान जांभळी निघाली, पण त्याचा आनंद त्यांना झालेला दिसला नाही. त्यांनी विचारलं, "यात गडबड कशी करता येईल?" मी म्हटलं, करता येत नाही. "करता येत नाही असं माप अजून बनलेलं नाही," असं म्हणून ते गेले. त्यानंतर पंधरा दिवसांत तीनदा आले. पट्ट्या नेहमी एकाच दुकानातून येतात का, चावताना मी समोरच असते का, असं काय काय विचारत राहिले. हा माणूस माझी कुठेतरी तक्रार करणार, असं मला वाटायला लागलं. मी त्यांच्याशी जरा फटकूनच वागले.

चौथ्या वेळी काकूंना घेऊन आले. त्यांना बाहेर बसवलं आणि आत येऊन दार लोटून घेतलं. काकू सात-आठ महिन्यांत वाळल्या होत्या. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा काकांच्या ते लक्षात आलं. साखर, थायरॉइड, सगळं तपासून झालं होतं, कशातच काही निघालं नव्हतं. मग आवाज उतरवून म्हणाले, "वर्षा हिला पोटभर देत नसावी." वर्षा म्हणजे त्यांची सून. घरात काकू सगळ्यांच्या नंतर, एकट्याच जेवायच्या, त्यामुळे पानात काय पडतं ते कोणी बघितलं नव्हतं. "तू फक्त दात बघ. दात ठीक निघाले, तर पुढचं घरी मी बघतो."

वर्षा माझ्या चांगल्या ओळखीची, भाजीच्या ठेल्यावर नेहमी भेटणारी. तरी खरं सांगते, त्या दोन मिनिटांत मलाही ती वेगळी दिसायला लागली. भाजी निवडताना ती कधी फारशी बोलत नाही, तेही मला आठवलं. इतकी वर्षं ज्या संशयाला मी हसत आले, तो मला किती सहज चिकटला!

काकूंनी आत येऊन पट्टी घेतली. नवऱ्यासमोर तोंड हलवत चावायचं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. त्यांनी पाठ फिरवली आणि पदर तोंडापुढे धरला. मी आपली मोठ्या माणसाची भीड ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. काका आकडे मोजत होते. वीस झाल्यावर काकूंनी गोळी माझ्या हातावर ठेवली. एकसारखी जांभळी, कुठे एक रेघ नाही.

"चावणं उत्तम आहे," मी म्हणाले. काकांचा चेहरा दगडासारखा झाला. आता हे घरी जाणार आणि वर्षाला उभं करणार, हे मला कळत होतं. दारापर्यंत जाऊन ते परत फिरले.

"दिखाओ जरा."

गोळी उजेडात धरून त्यांनी खिशातल्या भिंगातून बराच वेळ पाहिली. "इसमें दाँत का निशान कहाँ है?" मग काकूंकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बोटं दाखव."

काकूंनी मुठी आवळल्या. मग सोडल्या. दोन्ही हातांची बोटं टोकापर्यंत जांभळी होती. पदराआड त्यांनी ती पट्टी कणकेसारखी मळली होती.

मी तोंड तपासलं. काकूंची खालची जुनी कवळी इतकी सैल झाली होती की तिने काही चावणंच शक्य नव्हतं. इतके महिने काकू वरणाच्या पाण्यात पोळी कालवून दोन घास गिळत होत्या. बाकीचं दारातल्या गाईला घालत होत्या.

"मला का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं.

काकू त्यांच्याकडे न बघता बोलल्या. "सांगितलं असतं, तर तुम्ही रोज वर्षाच्या पोळ्या दाबून बघितल्या असत्या. कडक आहेत म्हणून तिला बोलला असता. ती आधीच तुम्हाला घाबरून असते."

काकांनी भिंग खिशात ठेवून दिलं. बायको त्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी राहत होती, ती त्यांच्याच संशयाच्या भीतीने. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि तितकीच दयाही आली. जाताना ते मला म्हणाले, "मी वर्षाबद्दल जे बोललो, ते तिला कळू देऊ नकोस." मी आजवर कळू दिलं नाही.

नवी कवळी बसवली. महिन्याभराने काकू पुन्हा आल्या आणि त्यांनी माझ्या समोर, पदर खाली ठेवून चावलं. गोळी बरीचशी जांभळी झाली, मधे थोडे निळे पट्टे होते, पण ते खरे होते. घरात काका आता आधी जेवत नाहीत, काकूंच्या शेजारी पान मांडून घेतात, असं त्याच म्हणाल्या. शेजारी बसून घास मोजतात, हेही सांगितलं, आणि लाजल्या.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. चार दिवसांचं दुखणं झालं. मी भेटायला गेले तेव्हा काकू आत पडल्या होत्या. वर्षा चहा घेऊन माझ्याजवळ बसली आणि मी काही विचारलं नसताना बोलायला लागली.

"बाबांना माझ्यावर शक होता ताई, मला माहीत होतं. मी आईंना कमी वाढते, असं त्यांना वाटायचं. त्यांच्या बघण्यातूनच कळायचं. खूप राग यायचा मला." तिने कप माझ्याकडे सरकवला. "पण मी दिवसभर आईंच्या सोबत त्याच किचनमध्ये होते. ह्यांची तर ती सख्खी आई. त्या वाळून चालल्यात, हे आम्हा दोघांना दिसलंच नाही. दिसलं ते फक्त बाबांना."